अक्कलदाढ

एकोणचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ आली,
आणि यायला तिने जागा निवडली खाईशी.
एंगुरी नदीचं खोरं, फेब्रुवारी,
खाली झुगदिदीला जाणारा रस्ता
दोन ठिकाणी बर्फाखाली.

टर्बाइनचं बेअरिंग मी आवाजावरून ओळखतो,
कान लावला की कळतं कुठे झिजलंय.
त्यासाठीच बोलावलंय मला इतक्या लांब.
स्वतःच्या जबड्याला कान कसा लावायचा
ते कुणी शिकवलं नाही.

मकवलाने, म्हणजे घरमालकिणीने,
शेगडीत लाकूड सारता सारता विचारलं,
काय होतंय?
शब्दांना काय तोटा होता माझ्याकडे!
ठणकतंय. सलतंय.
मध्येच कळ जाते कानापर्यंत,
पाणी लागलं की शिरशिरी,
आणि जीभ लागली तरी हुळहुळतं.
एवढी श्रीमंती घेऊन मी उभा
गालावर हात ठेवून, मुक्या जनावरासारखा.
म्टकीवा? ती म्हणाली.
म्हटलं, म्टकीवा.
संपलं. एवढ्यात आटपलं सगळं दुखणं.

चाचा इथे काका नसतो,
द्राक्षांच्या चोथ्याची दारू असते.
गालात धर, गिळू नकोस.
गिळली.
दुसराही पेला गिळला.

रात्री तिने उकडलेल्या बटाट्यावर मीठ भुरभुरलं.
लसूण होता त्यात, झेंडूची पाकळी,
आणि चांगल्या बाजूने चावता चावता मी थांबलो:
मेथी.
हे काय? बोटाने विचारलं.
उत्स्खो सुनेली.
फोनमध्ये शोधलं. उत्स्खो म्हणजे परका.
जे एकच त्या ताटात माझ्या ओळखीचं होतं
त्याचं नाव परका वास.
धरणावरची पोरं माझ्या पाठीमागे
हाच शब्द वापरतात, तेव्हा कळलं.
राग यायला हवा होता. मी अजून मीठ मागितलं.

तिसऱ्या दिवशी बेखानची डेलिका निघाली.
आत आम्ही पाच, चीजचे तीन गोल,
आणि प्रत्येकाला माझ्या तोंडात डोकावायचं होतं.
हिमलोटापाशी बेखानने गाडी थांबवली.
पुढे पायी. तीनशे पावलं.
बोलायचं नाही, खोकायचं नाही,
वर बघायचं नाही.
मधोमध पोचलो आणि दाढेने घण घातला.
अशा वेळी माणूस दातांवर दात दाबून धरतो.
माझी तीही सोय नव्हती.
आ वासून चाललो, बर्फ आत जात होता,
पुढची बाई चीज कडेवर घेऊन चाललेली,
तिच्या बुटांच्या खुणांत पाय ठेवत.

डॉक्टर इंगा जिकिया. हात लहान, पकड लोखंडी.
समोर भिंतीवर समुद्राचा फोटो.
सुखुमी, ती म्हणाली. माझं घर.
दोन तासांवर. तीस वर्षं.
आणि इंजेक्शन भरलं.
मला काही विचारायचं होतं,
पण तोवर माझी जीभ माझी राहिली नव्हती.

दाढ दोन तुकड्यांत निघाली.
तिने ती कागदात बांधून दिली,
जशी पुडीत सुपारी.

लहानपणी दात पडला की आम्ही
शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर भिरकवायचो.
इथे शेण गोठून दगड झालेलं.
तशीच फेकली, मकवलाच्या पत्र्यावर.
घरंगळली. वळचणीवरून टप्पकन पायाशी.
खिडकीतून ती बघत होती बया.
बाहेर आली, काही न विचारता तुकडे उचलले,
आणि असे फेकले जोरात
की पलीकडे कुत्रं भुंकलं.

म्टकीवा? हात झटकत तिने विचारलं.
नाही, मी म्हटलं.
मग खोटं कशाला, म्हणून मराठीतच,
अर्ध्या बधिर तोंडाने:
हुळहुळतंय.
तिने मान तिरकी केली,
शब्द दाताखाली ठेवून पाहिला.
हुलहुल?
हो, म्हटलं.
हुलहुल.