सत्तरच्या वेगाला

नाफिझच्या मिनीबसला सत्तरच्या वेगाला कंप सुटतो.
साठला नाही. ऐंशीलाही नाही.
"बरोब्बर सत्तरला, शुकूफे हानम,
माझे दात आपापसात बोलायला लागतात."

मुदान्याच्या रस्त्यावर त्या त्याच्या शेजारी बसल्या,
मी मागे. डॅशबोर्डवर चहाचा पेला, अर्धा.
ऑलिव्हच्या बागा मागे पळत होत्या,
हानमचं लक्ष फक्त चहाकडे:
अडुसष्टला कड हलली,
सत्तरला वर्तुळं,
मग चहा त्यांच्या मांडीवर.
"वीस हर्ट्झच्या आसपास," म्हणाल्या, आणि रुमाल मागितला.

बुर्साला परतून त्यांनी जुना बुश अंगठ्यानं दाबून पाहिला.
मुठीएवढा. बाहेर पोलादी कडं, आत पोलादी नळी,
मधे काळं रबर,
गाडी घेताना ज्याची चौकशी कुणी करत नाही.

लोक म्हणतात, रबर धक्का गिळतं.
गिळत नाही, जेलाल, त्या मला सांगायच्या.
दाबलं की घेतं, सोडलं की परत देतं,
पण हातचं राखून.
आलेखावर जायची रेघ वेगळी, यायची वेगळी,
मधे उरते ऑलिव्हच्या पानाएवढी फट.
राखलेलं तिथे ऊब होऊन जातं.
माझी तेवीस वर्षं त्या पानात गेली.

मऊ केलं, तर चाक वाट सोडतं.
कडक केलं, तर दात.
चार नमुने भंगारात.
पाचव्याला त्यांनी रबर बदललंच नाही,
काढून टाकलं:
दोन चंद्रकोरी, समोरासमोर, पोकळ.
पुढेमागे झुलू दे, आडवं ढळायचं नाही.

दहा लाख हेलकावे. नऊ रात्री
मी यंत्राशेजारी भोपळ्याच्या बिया सोलत बसलो
आणि टॉर्च मारून तडा शोधत राहिलो.
नव्हता.

दोन आठवड्यांनी नाफिझ आला, भाजलेल्या चेस्टनटचा पुडा घेऊन.
"चहा सांडत नाही."
मग बराच वेळ पुड्याची कड दुमडत राहिला.
"पण हानम, आता मला काही कळतच नाही.
चाकाचा एक नट ढिला झाला तरी
तळव्यांना आधी समजायचं.
काल गेमलिकपर्यंत तसाच गेलो."

मला हसू आलं. त्यांना नाही.
त्यांनी रेखाचित्र पुन्हा उघडलं,
चंद्रकोरी अर्ध्या मिलिमीटरनं अरुंद केल्या.
आवृत्ती सहा.
बदलाचं कारण, या रकान्यात
आम्ही सगळे लिहितो: खर्च. किंवा: तक्रार.
त्यांनी लिहिलं,
तळव्यांसाठी थोडं राखून.