ळ

आराम नगरात आराम कुणालाच नसतो.
गेटवर चिकटवलेला कागद:
‘आई. वय तीस ते पस्तीस. हसरी.’
मी सव्वीसची.
रांग बघून म्हटलं, आत जाईतो होईन तिशीची.

आत नाव सांगायचं, उंची सांगायची,
डावी बाजू, उजवी बाजू, हात पालथे, हात उताणे.
बैलबाजारात असतं तसंच,
फक्त दात कुणी मोजत नाही.
वैजयंता भारंबे, पाच फूट दोन, यावल.
नाही, म्हणजे मुंबई.
पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला,
नॉट फिट.
कुठे, ते विचारायचं नसतं.
शिंपीसुद्धा सांगतो हो, खांद्यात घट्ट होतंय म्हणून.

बाहेर कटिंग पिताना हेमलता गव्हाणकर भेटल्या.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोललेली बाई,
स्वतःच्या तोंडात मात्र सतत लवंग.
म्हणाल्या, चेहरा ठेव बाजूला. ‘केळी’ म्हण.
मी म्हटलं, केयी.
त्या हसल्या नाहीत,
म्हणून मी थांबले.

ज्या गावची केळी ट्रक भरभरून वाशीला उतरते
त्या गावच्या पोरीला
केळी म्हणता येईना.

जीभ मागे वळव, टाळूला टेकव, मग सोड.
एवढंच.
चौघींच्या खोलीत एवढंच करायला जागा नव्हती.
फिरदौस रात्रपाळी करून झोपलेली,
मग मी कपाट उघडायची,
ओढण्या आणि गोधडीच्या मधे डोकं खुपसायची,
आणि डांबरगोळ्यांच्या वासात
काळा, निळा, पिवळा, जांभळा,
सगळे रंग बोलून काढायची.
तांबडा आपला सोपा.
एकदा फिरदौस झोपेतच म्हणाली, बास, कळलं,
आणि तिचा ळ माझ्यापेक्षा चांगला होता.

पहिलं काम गर्दीचं.
गोरेगावला, तिसऱ्या मजल्यावर, सहा जणांत मिळून
तीनशे माणसांचं लग्न.
मी कधी वरमाई, कधी वाढपी, कधी रुसलेली आत्या,
माइकपासून दोन पावलं मागे सरकलं
की आपण पुढच्या पंगतीत.
पैसे नव्वद दिवसांनी.

मेल्विन काचेपलीकडून म्हणायचा,
ताई, प फुटतोय.
मधल्या वेळेत त्यानं पडद्यावर दाखवलं,
ही तुमची ओळ, आणि ही अळी दिसते ना, तो श्वास.
टिचकी मारली. अळी गेली.
कुठे गेली?
कचऱ्यात.
दिवसाला किती टाकतोस?
त्यानं कधी मोजले नव्हते.

मग कुठल्याशा परदेशी मालिकेतली एक बाई.
दार उघडते, काहीतरी ऐकते,
ओळ नाही. नुसता श्वास.
आयुष्यात पहिल्यांदा ज्याचे पैसे मिळणार होते
तो श्वास मला येईना.
एक टेक, चार, सात.
खोटा वाटतोय, म्हणाला मेल्विन.
नऊ. दम्याचा वाटतोय.
अकरा झाले तेव्हा गव्हाणकरबाईंनी
लवंग गालाच्या दुसऱ्या बाजूला नेली,
बोलल्या काहीच नाहीत.

आणि मला आईचा फोन आठवला.
रोज रात्री नऊनंतर,
जेवलीस का, उकडतंय का, विचारून झालं
की ती क्षणभर थांबते,
एक श्वास घेते,
थोडा वर ओढलेला, मधेच अडलेला,
आणि मग विचारते,
‘मियालं का काही?’
तो प्रश्न मी कितीदा ऐकला.
तो श्वासही ऐकत होते, हे बुथमध्ये कळलं.

तोच दिला.
काचेपलीकडे मेल्विननं अंगठा दाखवला
आणि पहिल्यांदाच काही कापलं नाही.

रात्री नऊनंतर फोन.
जेवले. उकडतंय.
मग ती थांबली. मीही.
‘मियालं का काही?’
सहा महिन्यांची मेहनत जिभेवर तयार होती,
टाळूला टेकलेली.
म्हटलं,
‘मियालं, आई.’

किती मियालं, असं तिनं लगेच विचारलं.
त्याला अजून नव्वद दिवस होते.