चार वाद्यांसाठी, आर्वीद्स यांच्या स्मरणार्थ

पत्रिकेत माझ्या भावानं लिहिलंय :
पहिला भाग, समुद्र.
मी तिथंच अडले.
बाबांना समुद्र आवडत नसे.
लिएपायात जन्म काढला, ऐंशी वर्षं,
आणि किनाऱ्यावर गेले असतील मोजून चार वेळा,
त्यातही एकदा माझी हरवलेली सँडल शोधायला.
ते ट्राम चालवायचे. गावात मार्ग एकच,
जायचं आणि यायचं.
"चुकायची सोयच नाही," म्हणायचे,
जणू ही त्यांचीच हुशारी.

तर समुद्र.
दोन्ही व्हायोलिनं लाटा लाटा करतात,
चेलो खालून काहीतरी गंभीर सांगतो,
पुढच्या रांगेतल्या बाई डोळे टिपतात.
बाईंनी बाबांना पाहिलंही नसेल कधी.
मी मांडीवरच्या कोटाची बटणं मोजते.

उल्दिस, तू ब्रेमेनला होतास.
चादरी मी बदलल्या. नखं मी कापली.
रात्री तीनला ते गणवेश मागायचे,
डेपोत उशीर होईल म्हणून,
मी नुसती टोपी द्यायची. टोपीवर भागायचं.
त्या हिवाळ्यात तू आलास नऊ दिवस,
नऊही दिवस फोन कानाला लावून
खिडकीपाशी उभा.

दुसरा भाग बाजाराच्या वळणाचा असावा.
असावा म्हणते, कारण पत्रिकेत तसं काही नाही.
पण चाल मंदावली ती अगदी तिथंच,
जिथं ते ब्रेक असा दाबायचे
की अंड्यांची टोपली सांभाळणाऱ्या म्हातारीला
वळण येऊन गेलं हे उतरल्यावर कळावं.
बटणं मोजायची राहिली.

मग व्हिओला.
गज बाजूला, नुसत्या बोटानं,
टिक्‌ टिक्‌.
बाकीचे तिघं आपले वाजवताहेत.
थोड्या वेळानं पुन्हा टिक्‌ टिक्‌.
आणि पुन्हा.
शेजारचे गृहस्थ पायानं ताल शोधू लागले.
नाही सापडायचा, काका. तो ताल नव्हे.

चहा ढवळून झाला की ते चमचा
पेल्याच्या काठावर दोनदा आपटायचे, जन्मभर.
शेवटी शेवटी साखर घातल्याचं विसरत,
पुन्हा घालत, पुन्हा ढवळत,
पुन्हा दोनदा.
मला वाटायचं, या घरात
हे एकट्या मलाच ऐकू येतं.

सहा वेळा वाजला चमचा.
सातव्यांदा व्हिओलावाली मुलगी बोट तारेवर नेते
आणि तसंच ठेवते.

टाळ्या झाल्या. फुलं झाली.
उल्दिस माणसांतून वाट काढत आला,
कपाळावर घाम, लहानपणी ताप उतरताना यायचा तसा.
"कसं झालं?"
"साखर जास्त झाली," मी म्हटलं.

तो हसायला गेला, जमलं नाही.
मी त्याच्या हातातली फुलं घेतली,
नाक पुसायला हात मोकळे लागतात.