गुरुवार, खोली क्रमांक अकरा

पूर्वी ही रसायनांची कोठी होती.
दमट दिवशी अजून गंधकाचा वास सुटतो,
आणि थर्सोत कोरडा दिवस उगवतो कधी?
दारावर पाटी: विद्यार्थी साहाय्य.
खाली कुणीतरी खिळ्यानं कोरलंय: टोस्ट मिळेल.
पोरं खालचं वाचून येतात.

इनस स्वॉन्सन येते सव्वानऊला,
आईला उठवून, गोळ्या मोजून,
धाकट्याला बसमध्ये कोंबून.
हजेरीत तिच्यापुढे रोज 'उशीर'.
ते खोडायचा मला अधिकार नाही.
बाजूला बारीक अक्षरात लिहिते:
कारण ठाऊक आहे.

मकाय सर मधल्या सुट्टीत तिला गणित शिकवतात,
दोघं सँडविच खात खात.
वहीत समीकरणांवर लोण्याची बोटं.
परवा एक सुटलं म्हणे,
सर मला सांगायला जिना धावत चढले,
गुडघा दुखतो हे विसरून.

आज इन्व्हर्नेसहून करिअरवाल्या बाई आल्या.
साठ प्रश्न, साठ टिचक्या,
आणि संगणकानं कौल दिला:
दीपगृहाची राखण.

"जुनी यादी आहे," बाई ओशाळल्या,
"तिथं आता माणूस लागतच नाही."

इनस हसली नाही.
"म्हणजे रात्रभर जागायचं,
कुणी बुडू नये म्हणून?
ते तर मी करतेच.
पगार किती होता?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं,
पुन्हा काढलं.
टोस्टरमधून धूर यायला लागला होता.
कुणीच उठलं नाही.