बारा नंबरचा माग

विणाई खात्यात कानांचं काही काम नव्हतं.
तीनशे माग एकदम खडखडू लागले
की आम्ही बाया ओठ वाचायचो.
व्हर्डी पलीकडच्या ओळीतून, पंधरा पावलांवरून,
आवाज न करता सांगायची :
मुकादमाची बायको रुसून माहेरी गेली,
लॉन्झोकडे डुक्कर कापलंय, चरबी हवी का.
मी हसायचे. तेही बिनआवाजी.

तोंड म्हणजे आमचा तिसरा हात.
धोट्याच्या डोळ्याला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा,
की सूत सुळकन जिभेवर.
दिवसातून किती वेळा? कुणी मोजलंय.

सिगारेट बंद. कापसाचा भुगा हवेत तरंगायचा,
एक ठिणगी, की गिरणीची होळी.
म्हणून तपकीर.
बर्चची काडी चावून कुंचा करायचा, डबीत बुडवायचा,
गालाआड ठेवून द्यायचा. हात मोकळे.
कंपनीच्या दुकानात डबी उधार मिळे,
शनिवारी पाकिटातून कापून.
अख्ख्या कॅरोलिनात आया सांगायच्या,
तपकीर असली की कापूस घशाखाली उतरत नाही.
नवव्या वर्षी माझी दाढ दुखली
तेव्हा पहिली चिमूट आईनंच भरवली.

व्हर्डीच्या गालात पांढरा डाग उठला,
तिला वाटलं सुताचा तुकडा चिकटलाय.
बोटानं काढू गेली. निघेना.
दोन हिवाळे तिनं मिठाची गुळणी धरली,
खरोखरच्या मिठाची.
आणि दुसरीही.
तोंडात आधी तीन बोटं मावायची, मग दोन,
मग काडी तेवढी.

शार्लटच्या डॉक्टरनं डावा गाल नेला,
जबड्याचा कोपरा नेला,
उरलेला ओठ ओढून शिवला.
आरशात टाके बघून तिनं पाटीवर लिहिलं :
असं विणलं असतं मी, तर पगार कापला असता.

वसंतात ती परत आली, झाडू मारायला.
धोटा ओढता येईना, श्वास बाजूनं निसटायचा.
माझ्या मागापाशी थांबली. काहीतरी बोलली.
वीस वर्षं मी ते ओठ वाचले होते.
आता अर्धं अक्षर उजवीकडे, अर्धं कुठेच नाही.
मी उगाच मान हलवली.
मला कळलं नाही, हे तिला कळलं.
पुन्हा बोलली, सावकाश,
लहान पोराशी बोलावं तसं.
मग झाडू भिंतीला टेकवून
तळहात पुढे केला :

डबी आहे?

होती. ॲप्रनच्या खिशात, भरलेली.
नाही, म्हटलं मी, नुसत्या ओठांनी.
माझ्या गालाआडची काडी
तेवढ्यात हलली असावी.
तिनं तेही वाचलं.

बारा नंबरवर सूत तुटलं होतं.
मी वळले, धोटा उचलला,
ओठांशी नेला.