मधली फळी

दर मंगळवारी खाडीपलीकडच्या वाडीत लसीकरण.
निळा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या,
खांद्याला काटा आणि पोरं टांगायची झोळी.
जेटीवर लवू तारी होडी धरून उभा,
न ओरडताही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो,
"मॅडम, तुमी मदी बसा."

तेरा वर्षं मी मधल्या फळीवर बसते.
कडेला शाळेतल्या नव्या बाई, कॉलेजच्या पोरी,
पाण्यात बोटं सोडून गप्पा मारणाऱ्या,
आणि मी मध्ये, गुडघे जुळवून, पोट आत ओढून,
जणू मी श्वास धरला
की होडी दोन बोटं वर येणार आहे.

शाळेत मला पडाव म्हणायची.
"पडाव इलो, वाट सोडा."
मीही हसायचे. आधी आपणच हसलं
की बाकीच्यांचं हसू कमी लागतं, असं वाटायचं.
तसं काही नसतं.

देवगडचा शिंपी फीत गुंडाळतो
आणि आतल्या पोराला आकडा ओरडून सांगतो.
"चव्वेचाळीस! कापड पुरणार नाही हां."
बघायला आलेल्यांतली एक आत्या
घावणे खाऊन म्हणाली, चव आहे हो हिच्या हाताला.
बाकीचं बोलली ती बाहेर, चपला घालताना.

पण वाडीत काटा माझ्या हातात.
अंगणवाडीच्या वाशाला अडकवते, झोळीत पोर घालते,
ते लाथा झाडतं, काटा थरथरतो,
थांबतो. सात किलो दोनशे.
"वाढला गो बाय, चारशेन वाढला!"
ओरडते मीच. आणि आई अशी हसते
की कुणी ओटीत नारळ घातला.
गरोदर पोरींना दटावते, खा. अंग धर.
अंग धर,
किती जणींना दिलेत मी हे दोन शब्द
आशीर्वादासारखे.

भाद्रपदात एकदा परतताना मी एकटीच.
वारा उलटा. पलीकडच्या काठावर
लवूने धोंडे रचलेले असतात, रिकामी होडी नेताना
तळाशी घालायला. नीरम.
नाहीतर वाऱ्यावर होडी म्हणजे उंडीचं पान.
त्याने दोन उचलले, माझ्याकडे बघितलं,
परत ठेवले.
"आज धोंडे नको. तुमी आसास."

राग आला. अर्ध्या खाडीपर्यंत पुरला.
मग लाट आडवी आली, होडी कलली,
आणि कुणी सांगायच्या आत
मी उलट्या अंगाला रेलले.
होडी सरळ झाली. लवूने वल्ह्यावरून मान हलवली,
खलाशी खलाशाला हलवतो तशी.

त्याला सांगायचं होतं,
धोंड्याला कधी रेलायचं ते कळत नाही रे.
सांगितलं नाही. वारा फार होता.

उपकेंद्रात दिवे नव्हते. पदर भिजलेला.
कोपऱ्यात मोठ्यांचा काटा,
त्यावर मी आजवर फक्त फायली ठेवल्या.
फायली उतरवल्या. चपला काढल्या.
श्वास सोडून उभी राहिले.
मोबाइलच्या उजेडात ब्याण्णव.
रजिस्टरात जैबुन काझी, सुगंधा जुवाटकर,
त्यांच्या खाली, त्याच शाईने,
हेमांगी धुरी, वय एकोणचाळीस, ब्याण्णव किलो.
रक्तदाब घेतला, तोही लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन जरा थांबलं.
मग वही मिटली.

शिंपी अजून ओरडूनच सांगतो.
मी म्हटलं, पंचेचाळीस लिही,
जेवल्यावरही मीच घालणार आहे ते.

आणि मंगळवारी, लवू तोंड उघडायच्या आत
मधल्या फळीवर बसले. ऐसपैस.
पोट होतं तिथे राहू दिलं.
हात लांब केला तर तिथूनही
पाणी लागतं.
तेरा वर्षांत करून बघितला नव्हता.