सात वर्षांचं पोतं

या जूनमध्ये हिव पडलंच नाही.
तीन रात्री बटाटे माळावर पसरले,
लुकी जातीचे, कडू, अंगठ्याएवढे.
नुसते उकडून खाल तर घसा धरेल.
त्यांना थंडीच लागते: रात्री दगड व्हायचं,
दिवसा उन्हात पाघळायचं, पुन्हा दगड.
मग अनवाणी पायांनी तुडवायचे,
पाणी निघेतो, साल सुटेतो.

तीन पहाटे आम्ही अनवाणीच उठलो.
बटाटे मऊ, ओले, जसेच्या तसे.
सेवेरो, माझा बाप, एकेक उचलून नखाने दाबायचा
आणि काही न बोलता परत ठेवायचा,
त्याच जागी, त्याच कुशीवर.

विल्मर एल आल्तोहून पिकअप घेऊन आलाय.
म्हणाला, शहरात फ्रीजर भाड्याने मिळतो.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो,
बाप सोडून.

चौथ्या रात्री ढग. जूनमध्ये ढग!
वास सुटला, कुत्रंसुद्धा उठून लांब बसलं.
तेव्हा एर्लिंदावहिनीने कोठीतून ते पोतं ओढलं,
लामाच्या लोकरीचं, तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं.
शिवण आईची.

त्या वर्षी ओढ्यावरून गाढवं चालत गेली होती.
आई लुगड्यासारखा घोळदार घागरा वर खोचून
तुडवत होती, मधेच गिरकी घेत,
टाचांना भेगा, भेगांत काळी माती.
ऑगस्टमध्ये ती गेली.
चुन्यो राहिला,
काळा, हलका, हलवला की खडखडणारा.

बाप म्हणाला, "अजून एक रात्र बघू."
एर्लिंदा म्हणाली, "मामंजी, पोरांना काय घालू? नूडल्स?"
आणि दोरा दाताने तोडला.

रात्रभर पाण्यात. सकाळी शेणाच्या जाळावर.
सोबत खारट चीज, लामाचं सुकं मांस,
आणि कडू उरलंच तर करड्या मातीची चटणी.
होय, माती खातो आम्ही. पोटाला ती ओळखीची आहे.
एकच रंगीत कापड अंथरलं, ताटं नाहीत,
सगळ्यांचे हात एकाच ढिगात.

आमच्या भाषेत होऊन गेलेलं डोळ्यांपुढे असतं,
येणारं पाठीमागे, न दिसणारं.
बापाने समोर बघतच खाल्लं.
मधेच थांबला. दाताखालून काहीतरी काढलं,
वाळूचा कण असेल,
बोटावर धरून उजेडात बघितला,
आणि परत तोंडात टाकला.

माळावरचे बटाटे आता डुकरांना.
आज पहाटे बादलीतलं पाणी कडेकडेने
नखाएवढं कडकलं होतं.
विल्मरने परत जाणं दोन दिवस पुढे ढकललंय.
पोतं निम्मं उरलंय.
एर्लिंदा दोरा शोधतेय,
लाल नाही सापडला तर
हिरव्याने शिवेन म्हणते.